पाचांपैकी कोणतेही तीन

आता सन दोन हजार अठराच्या जानेवारीत, ऐन थंडीत, उपाशीपोटी मला त्या तपासणीला नेण्याची काही गरज होती का, तुम्हीच सांगा. ढेरी आमच्या ह्यांची, जिन्यात धाप ह्यांना, चोरून साखर खाणारेही हेच. मी आपली सोबतीला गेले, तर सूनबाई म्हणते, "आई, आलाच आहात तर तुमचंही रक्त देऊन टाका," जणू काही रक्त म्हणजे रद्दी... बरे, दिले. मग परिचारिका टेप घेऊन कंबर मोजायला आली. "आजी, पोट आत ओढू नका." मी ओढत नव्हते, मी ताठ उभी होते. मी जुनी मॅट्रिक आहे, आम्हाला ताठ उभे राहायला शिकवले आहे.

आठवड्याने डॉक्टर ह्यांना म्हणाले, "तुमचं सगळं छान." ह्यांचे! मग माझ्याकडे वळले. "आजी, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल. ह्या पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी बिघडल्या, की मेटाबॉलिक सिंड्रोम. तुमच्या चार बिघडल्यात." पाचांपैकी कोणतेही तीन, ही सूचना मी चांगली ओळखते, चौथा प्रश्न जादा सोडवला तर तो तपासत नाहीत, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मी जुनी मॅट्रिक आहे. ते हसले नाहीत. "सोनोग्राफीत मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तरही जाड व्हायला लागलेलं दिसतंय. आत्ता सुरुवात आहे, पण असंच चाललं तर हृदयाला धोका, मेंदूला धोका." अस्तर जाड असणे हा कपड्यात गुण समजतात, हे वाक्य मी ओठांवरच ठेवले... कारण ह्यांचा चेहरा उतरला होता. मी इतकी वर्षे रागावते आहे, तो कधी उतरला नव्हता.

आणि तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून राज्यच उलटले. साऱ्यांच्या ताटात उरलेले मी संपवीत असे, अन्न टाकवत नाही म्हणून. त्याला काय खादाडी म्हणायचे? पण हे म्हणाले, "अगं, तू काय उकिरडा आहेस?" साखरेचा डबा मी ज्यांच्यापासून लपवीत असे, ते तो माझ्यापासून लपवू लागले, आणि कुठे, तर माझ्याच जुन्या जागी, कल्पकता म्हणून नाही. रोज सकाळी दाराशी बूट घालून उभे. "चल फिरायला." गुडघे दुखतात म्हटले, तर म्हणतात, "मॅट्रिक ना तू? मग गैरहजर कशी राहतेस?" गेले. रोज गेले, तोंड वाकडे करून गेले.

शेवटी दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये, एका सोमवारी, निकाल लागला. डॉक्टर म्हणाले, "आजी, अस्तर वाढलेलं नाही. आणि पाचांपैकी आता दोनच. तुम्ही सिंड्रोममध्ये बसत नाही."

पाचांपैकी दोन म्हणजे नापासच ना हो? मी, जुनी मॅट्रिक, जन्मात प्रथमच नापास झाले, आणि आमच्या ह्यांनी आळीभर मिठाई वाटली.

मला वगळून.