ओ न आलेलं नाव

नमिता: आजी पुन्हा त्याच नावाशी थांबली, बाबा. आता परत पहिल्यापासून सुरू करेल, बघ.

नामदेव: तू उठ तिथून. जेवून घे. अडीच वाजले.

नमिता: जेवण नको मला. तू आत ये ना जरा. तीन दिवस झाले, दारापर्यंत येतोस आणि मागे फिरतोस. आई आहे ती तुझी.

नामदेव: मना हितून दिसते ती. डाक्टर काय बोलला?

नमिता: काय बोलणार? पॅरालिसिसनं जीभ गेलेली बाई गाते कशी, हेच त्यांना कळत नाही. पाणी घेत नाही, झोपत नाही, अशी फार दिवस काढणार नाही म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, कशात तरी जीव अडकलाय हिचा.

नामदेव: भाडेकरूंना काय कलतंय? पन्नास वर्सं लगनात धवले गानारी धवलारीन व्हती ती. करावं गाव म्हन, शिरवनं गाव म्हन, कुनाच्या मांडवात ती नाय गायली? लगनात पयलं देवांना बोलवायचा, मंग पितरांना बोलवायचा. डोक्यात तेच फिरतंय. उगा टेन्शन घेव नको.

नमिता: डोक्यात फिरत असतं तर गावभरची नावं आली असती. ही फक्त आपल्या घरातली माणसं घेते. राघो पणजोबा, हिराबाय पणजी, जोमा आजोबा, मग आपली आई. क्रम चुकत नाही. आणि दर नावाला थांबते.

नामदेव: थांबनारच. आपल्या घरची रीत हाय ती. मेलेल्याचा नाव घेतला का मांडवातल्या कोनीतरी त्याच्यासाठी ओ द्यायची. ओ आयली का पुढचा नाव.

नमिता: तेच म्हणते मी. इथं ओ कोण देतंय?

नामदेव: म्हंजे?

नमिता: खोलीत मी एकटी असते. मी तोंड उघडत नाही. आजी नाव घेते, कान देऊन ऐकते, मान हलवते आणि मग पुढचं नाव घेते. तिला ओ मिळतेय, बाबा.

नामदेव: त्या सीरियली बघायच्या बंद कर तू.

नमिता: आईच्या नावाला हसते ती. 'नंदिनी' म्हणते, थांबते आणि हसते. आई नुसती ओ देणाऱ्यातली नव्हतीच, काहीतरी टोमणा मारत असणार. चार वर्षं झाली तिला जाऊन. मला इथं बसायची भीती वाटते, खरंच वाटते, पण तेवढ्यासाठी मी उठत नाही. दर वेळी वाटतं, या खेपेला मलाही ऐकू येईल.

नामदेव: असा नको बोलूस, बाय.

नमिता: आणि मोरा गावचे धर्मराजमामा?

नामदेव: तो योगायोग.

नमिता: परवा आजीनं त्यांचं नाव घेतलं. मी तुला हसत सांगायला आले, की हिचा सख्खा भाऊ मोऱ्याला धडधाकट बसलाय आणि ही त्याला पितरांत बोलावते. तूपण हसलास. साडेदहा वाजले होते तेव्हा. संध्याकाळी त्यांच्या घरून हितेशचा फोन आला. मामा किती वाजता गेले होते?

नामदेव: सकालचे.

नमिता: किती वाजता, बाबा?

नामदेव: धाला. धक्क्यावर, बसल्या बसल्या.

नमिता: दहाला. आजीला कोणी सांगितलं मग?

नामदेव: मना नको विचारू.

नमिता: तुलाच विचारणार. दुसरं उरलंय कोण विचारायला? सरस्वती कोण?

नामदेव: मना म्हाईत नाय.

नमिता: माहीत नसती तर ते नाव आलं की दारातून पळाला नसतास. सगळ्यांच्या नंतर, अगदी शेवटी घेते ती ते. थांबते. पाच मिनिटं, दहा मिनिटं थांबते. ओ येत नाही. मग गावदेवीपासून परत सुरू. काल मला बघवेना, म्हणून मीच ओ दिली.

नामदेव: काय केलास?

नमिता: 'आले' म्हणाले. वाटलं, सुटेल बिचारी. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. घरात भलतंच माणूस शिरल्यावर बघतात तसं. म्हणाली, 'तू नाय.' अगदी स्पष्ट म्हणाली. सांग ना, कोण सरस्वती?

नामदेव: बहीन. माझी धाकटी बहीन. चार वर्सांची व्हती.

नमिता: तुला बहीण होती?

नामदेव: व्हती.

नमिता: एकतीस वर्षं या घरात राहतेय मी. एक फोटो नाही, कोणाच्या तोंडी नाव नाही.

नामदेव: आयनं काढू दिला नाय. माझ्या लगनात, तुझ्या भावाच्या, मिथुनच्या लगनात, पितरांना बोलवताना तिनं सगल्यांना बोलवला, तिला नाय. बोलायची, मी तिला हातानं पोचवली नाय, मंग मेलेल्यांत कशी घेव? लोक बोलायचे, पुतळा येडी झाली.

नमिता: झालं काय होतं?

नामदेव: खाडीत गेली. मी नव वर्सांचा व्हतो. आय ओहोटीला कालवां काढायला गेलेली, आमाला संगती घेऊन. मना बोलली, हिचा हात सोडू नको. मंग भरती आयली आनि पानी तिला घेऊन गेला. मी डोल्यांनी पाह्यला. सगल्या गावानं तीन दिस खाडी धुंडली.

नमिता: तू डोळ्यांनी पाहिलंस.

नामदेव: सांगितला ना.

नमिता: मग ओ का येत नाही तिची?

नामदेव: मना काय म्हाईत?

नमिता: पणजोबा ओ देतात. आई देते. मामा सकाळी दहाला गेले आणि साडेदहाला त्यांनी ओ दिली. चोपन्न वर्षांपूर्वी गेलेली पोरच तेवढी का देत नाही? आजी तिला बोलवत नाहीये, बाबा. ती विचारतेय. तिकडे आहे का, म्हणून विचारतेय.

पुतळाआजी: राघोबाबा, मांडवात ये रं... हिराबाय, मांडवात ये गो...

नमिता: आली बघ. पितरांपर्यंत आज लवकर आली. ये, इथं बस.

पुतळाआजी: जोमा... नंदिनी, मांडवात ये गो...

नमिता: हसली. दिसलं ना तुला? आता दिसलं ना?

नामदेव: दिसला.

पुतळाआजी: धर्मराज... सरस्वती.

नमिता: आता बोलू नको. बघ, कान देतेय.

नामदेव: तो एसी बंद कर.

नमिता: बंदच आहे.

नामदेव: मंग एवढा थंड कशाला झालाय?

नमिता: या नावाला होतं तसं. आजीचे हात बघ. दुसऱ्या कुठल्या नावाला असे गार पडत नाहीत.

नामदेव: मी नव्हता पाह्यला.

नमिता: काय?

नामदेव: पानी तिला नेताना. मी नव्हता पाह्यला. मी निवट्या मासं पकडायला चिखलात लांब गेलेलो. परत आयलो तं ती नाय. भरती तवर आयलीच नव्हती, बाय. घोट्यापरयंत पानी व्हता. एक होडी जात व्हती उरनच्या अंगाला. तीत बाई बसलेली. तिच्या मांडीवर कायतरी व्हता. टोपली का पोर, ते मना तवा सांगता आला नसता, आज पन नाय सांगता येनार.

नमिता: आणि तू सांगितलंस, पाण्यात गेली.

नामदेव: आय धावत आयली. बोलली, सरस्वती कुठं हाय? हात सोडला असा बोललो असतो तं बापानं सोलून काढला असता. पानी घेऊन गेला बोललो. पान्याला कोन विचारायला जानार?

नमिता: सगळं गाव पाण्यातच शोधत राहिलं.

नामदेव: पलीकडं कोनी गेलाच नाय. चवथ्या दिवशी सांगीन बोललो, पाचव्या दिवशी सांगीन बोललो. मंग आय माझ्यावर जास्तच माया करायला लागली, एकच पोर उरला म्हनून. आपला घास मना भरवायची. तो घास घशात फिरायचा माझ्या. अजून फिरतोय.

नमिता: आजी वेडी नव्हती, बाबा.

नामदेव: नव्हती. घरात ती एकलीच शानी व्हती.

नमिता: मला राग आलाय तुझा. खूप आलाय. पण तो मागाहून काढेन. आधी तिला सांग.

नामदेव: आता? अशी पडलेली असताना? हे आयकून मरंल ती.

नमिता: हे ऐकायलाच थांबलीय ती. सांग.

नामदेव: आय. मी नामा. आय, तिला तिकडं नको शोधू. ती तिकडं नाय. मी खोटा बोललो व्हतो. पान्यानं नाय नेली तिला. होडी गेली उरनला, आनि मी बोललो नाय. आय, आयकतेस ना?

पुतळाआजी: हात सोडलास.

नामदेव: सोडला, आय. मी सोडला.

पुतळाआजी: दे.

नामदेव: काय देव? नमिता, काय मागते ती?

नमिता: हात मागतेय, बाबा. तुझा हात दे.

नामदेव: घे, आय. आता नाय सोडीत.

पुतळाआजी: नामदेव.

नमिता: बाबा, मेलेल्यांच्या मागोमाग तुझं नाव...

नामदेव: नाय गो, घाबरू नको. पितरां झाली. आता जित्या मानसांची नावां. हाय, आय. हितंच हाय.

पुतळाआजी: मिथुन.

नामदेव: भाव घरात नसला का बहिनीनं ओ द्यायची. दे तू.

नमिता: मिथुन कामावर गेलाय, आजी. त्याची ओ मी देते. आहे.

पुतळाआजी: नमिता.

नमिता: आहे, आजी. तुझ्याजवळच आहे.

पुतळाआजी: सरस्वती.

नमिता: दे ना, बाबा. बहीण घरात नसली तर भावानं द्यायची ना?

नामदेव: हाय, आय. लांब हाय, पन हाय. तिची ओ मी देतो.

नमिता: मान हलवली. बाबा, पुढं गेली बघ. पाणी मागतेय. थांब, चमचा दे इकडे. घेतलं. दोन चमचे घेतले तिनं.

पुतळाआजी: पुतळा.

नमिता: हे तर तिचंच नाव. याची ओ कोणी द्यायची? आपण द्यायची का?

नामदेव: आपन नाय. गप रव, बाय. तिला आयकू येऊ दे.