बंद पडली तर?

…हसा, हसा तुम्ही! हसायला काय जातं? डोंगरावर जाऊन राहिलेली लेक तुमची नाही, दिवस भरत आलेले तिचे नाहीत, आणि तिला खाली आणायला घ्यायची ती गाडी कुणीतरी वापरून सोडलेली, हेही तुमच्या नशिबी नाही! नवी नाही हो, जुनी. चारही चाकं ओढणारी, चिखलातून जाणारी, दगडांवर चढणारी… असं विकणारा म्हणतो. विकणाऱ्याचं काय, तो म्हणेल झाडावरही चढते! पण तुम्हाला सांगते, माझा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न होता. बंद पडली तर?

आता म्हणाल, एवढं काय भ्यायचं? अहो, लेक वरच्या शाळेत शिकवते, जावई जंगल खात्यात. डांबरी रस्ता निम्म्यात संपतो, पुढे नुसती माती, आणि मध्ये एक ओढा. पूल नाही. गाडी पाण्यातूनच न्यायची. आणि हॉस्पिटल कुठे? खाली, आमच्या घराच्या मागच्या गल्लीत! तिला म्हटलं, बाई, आधीच येऊन राहा. तर ही फोनवर, "आई, मुलांच्या परीक्षा संपल्याशिवाय मी हलणार नाही." घ्या! जशी काही बाळाला परीक्षेचं वेळापत्रक दिलंय!

"आणि आई, काळजी कशाला? दुधाचा टेम्पो रोज खाली जातो की. मागच्या रस्त्याने, लांबून जातो, पण रोज जातो."

म्हटलं, दुधाच्या टेम्पोतून येणार तू? कॅनच्या रांगेत बसून? काही नको! आम्ही गाडी घेऊन येतो.

बोलून बसले आणि मग आठवलं. आमची आधीची छोटी गाडी! ती कुठे बंद पडायची माहितीये? रेल्वेच्या फाटकात. रुळावर! घंटा वाजतेय, फाटक खाली येतंय, आणि आमचे हे मला म्हणतात, "तू उतर आणि ढकल, मी स्टिअरिंग धरतो." तेव्हापासून माझं असं झालंय बघा, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं.

तर गाडी बघायला निघालो. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. सगळा जन्म गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलण्यात गेला. "हे बरं, की हे बरं? आता? पहिलं बरं, की दुसरं?" आमच्या लग्नाच्या वेळी मला बघायला आले तेव्हाही माझ्या धाकट्या बहिणीकडे आणि माझ्याकडे असे आळीपाळीने बघत होते की मला वाटलं, आता विचारतात! गाडीच्या बाबतीतही तेच. खिशात भिंग, हातात टॉर्च, गाडीखाली अर्धे आत, बाहेर नुसते पाय. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं, हा त्यांचा धर्म.

सोबत कोण? माझे दीर. घरात त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणतात, अर्थात पाठीमागे. स्वतः जन्मभर स्कूटर चालवली, पण गाड्यांचं ज्ञान असं ओसंडून वाहतंय! "वहिनी, एकच लक्षात ठेवा. गाडी किती चालली ते बघायचं. कमी चाललेली घ्यायची." बरं. मग थोड्या वेळाने, "वहिनी, कमी चालली म्हणजे उभी राहिली. उभी गाडी सडते. चाललेली घ्यायची." अहो भाऊजी, मग नक्की कुठली? "तेच तर ज्ञान आहे!"

पहिली गाडी होती एका दलालाच्या आवारात. पांढरीशुभ्र. टपावर दिव्यांची माळ, पुढे लोखंडी नाक, चाकं माझ्या कमरेएवढी. दलाल गोड, इतका गोड की मुंग्या लागाव्यात.

"ताई, ही गाडी नाही, हत्ती आहे हत्ती!"

म्हटलं, हत्ती रस्त्यात बसला तर उठवायचा कोणी? आधी हे सांगा, बंद पडली तर?

"बंद? ताई, हिला तो शब्दच माहीत नाही! आधीचा मालक हौशी होता, रविवारी जरा डोंगरावर फिरायला न्यायचा, बस."

गाडीखालून ह्यांचे पाय बोलले, "अहो, हौशी माणसाने खालचा पत्रा असा चेपवलाय की डोंगर ह्याच्यावर फिरायला आलेला दिसतोय."

आणि तेवढ्यात मी काय केलं, सवयीने हो, काही अक्कल लावून नाही, गाडीच्या नाकावर हात ठेवला. उलटा हात. लेकीच्या कपाळावर ठेवायचे तसा. आणि चटका बसला! म्हटलं, अहो, हिला ताप आहे! आम्ही येणार म्हणून त्याने आधीच चालू करून, गरम करून, मग बंद करून ठेवलेली. थंड असताना चालू होत नसेल, म्हणून! दलाल म्हणतो, "ऊन लागलं असेल, ताई." ऊन? आत, पत्र्याच्या छपराखाली? दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे मी शाळेत फळ्यावर वाचलं होतं, त्या दिवशी हाताला कळलं.

घरी आलो तर दीर म्हणतात, "मी आधीच ओळखलं होतं." ओळखलं होतं तर तिच्यात बसून आरशात केस कशाला विंचरत होतात!

दुसरी गाडी होती जनावरांच्या डॉक्टरांची. म्हातारे, आता काम थांबवून मुलाकडे राहायला चाललेले. गाडी म्हणजे… काय सांगू, कोणे एके काळी हिरवी असावी. दाराला दोरी. सीटवर गोणपाट. आत अशा वासाचा भपकारा की डोळे मिटले तर गोठाच. पण किती चाललेली! चंद्रावर जाऊन आली असती. आसपासच्या सगळ्या वस्त्यांवर, रोज, चिखल असो, काही असो, अडलेली गाय सोडवायला हेच जायचे हिच्यातून.

आणि डॉक्टर तिच्याबद्दल बोलायचे कसे, तर एखाद्या म्हशीबद्दल बोलावं तसे. "मागचा डावा पाय जरा जड आहे. कुठे दुखत नाही, चाल तशी आहे. सकाळी एकदम हाकू नका, थोडं उभं राहू द्या, मग निघते. वळणावर कण्हते, तिकडे लक्ष देऊ नका."

मी विचारलं, लाथ मारत नाही ना?

"गिअर जोरात टाकलात तर मारते. आणि एक. डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर असतो. टाकी भरली तरी अर्धा, रिकामी झाली तरी अर्धा. तेवढं एकच खोटं बोलते, बाकी सगळं खरं."

मी हात लावून बघितला. गार! देवाशपथ, माठासारखी गार. डॉक्टरांनी किल्ली फिरवली, ती खोकली, थुंकली, आणि लागली की धडधडायला! ह्यांनी मला तिथेच विचारलं, "पहिली बरी, की दुसरी?" म्हटलं, दुसरी. पण डॉक्टर… बंद पडली तर?

त्यांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "बाई, मला कधी वाटेत सोडलं नाही तिने. पण सोडलंच, तर उतरायचं आणि चालायचं. गायसुद्धा तेच करते."

घेतली. आणि तुम्हाला सांगते, घेतल्यावर जीव जास्तच टांगणीला लागला! न घेतलेली गाडी निदान बंद तरी पडत नाही. रोज लेकीला फोन. "जेवलीस का? पाय सुजलेत का? आणि काय गं, आम्ही यायला निघालो आणि गाडी ओढ्यात बंद पडली तर?" ती म्हणायची, "आई, नाही पडणार." दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी जावयाने फोन घेतला, तर त्यालाही तेच. इतकं केलं की शेवटी लेकच मला विचारायला लागली, "आई, पण खरंच बंद पडली तर?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो माझ्यापाठी होता, मी तो फोनवरून वर पाठवला!

आणि एका सकाळी जावयाचा फोन. "आई, आजच न्यायला या. इथल्या नर्सबाई म्हणतात, आता थांबू नका."

निघालो. टाकी फुल करून निघालो. आणि निघताना मला सुचलं शहाणपण. माझ्यातल्या शहाणीला सुचलं. गाडी बंद पडली तर फोन करावा लागेल. मग फोनची बॅटरी संपली तर? म्हणून मी दोन्ही फोन, माझा आणि ह्यांचा, बंद करून पिशवीत तळाशी ठेवले! जपून! अडीअडचणीला!

पुढचं ऐका. प्रत्येक चढाला मी, "अहो, थांबा, इंजिन तापलं असेल, निवू द्या." थांबायचो. हे किल्लीला हात लावणार, की मी ओरडायचे, "बंद करू नका! परत चालूच झाली नाही तर?" म्हणजे गाडी उभी, इंजिन धडधडतंय, आणि आम्ही दोघं कडेला उभे राहून ती निवायची वाट बघतोय! चालूच ठेवून! आमच्या मागून निघालेला एक म्हातारा काठी टेकत पुढे गेला. जाताना म्हणाला, "बसायचं का माझ्याबरोबर?"

मग ओढा आला. ओढा कसला, तांबडं, फिरणारं पाणी. तळ दिसेना. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणाऱ्या माणसाला तळ दिसेना! वर ह्यांच्या चष्म्यावर वाफ. "अगं, काही दिसतंय का?" म्हटलं, मी डोळे मिटलेत, मला काय विचारता! गाडी उतरली पाण्यात. पाणी चाकाला, पाणी पायरीला, पाणी दाराच्या फटीतून माझ्या चपलेत! लोक देव पाण्यात घालून बसतात, मी देवाचं नाव घेत स्वतःच पाण्यात बसलेले. खालून दगड सरकला, गाडी कलंडल्यासारखी झाली, आणि तुम्हाला खोटं नाही सांगत, त्या क्षणी गाडीचं भय गेलं आणि एकच मनात आलं… लेक वर एकटी कण्हत असेल, दाराकडे बघत असेल, आणि आई आलीच नाही तर?

गाडी कण्हली. तिकडे लक्ष द्यायचं नव्हतं, पण दिलं. आणि चढली! पलीकडे चढली हो, अंग झटकून!

पोचलो. दाराला कुलूप.

शेजारीण धावत आली. "अहो, ती कधीच गेली! सकाळपासून तुम्हाला फोन लावतायत, दोघांचेही बंद. ती म्हणाली, आई म्हणत होती तेच झालं, गाडी बंद पडली वाटेत. मग वेळ घालवायला नको म्हणून दोघं गेले दुधाच्या टेम्पोतून. मागच्या रस्त्याने."

मी तिथेच पायरीवर बसले. ह्यांनी पिशवीच्या तळातून फोन काढला, चालू केला, तर आमच्या कंपनीची तिथे रेंज नाही. शाळेमागच्या टेकाडावर चढलो, मी पुढे, हे धापा टाकत मागे. लागला. जावयाचा आवाज, आणि त्याच्या मागून… मागून एक बारीक, चिडका, नवाकोरा आवाज!

"आई, मुलगी झाली! दोघी छान आहेत. तुम्ही कुठे अडकलात? गाडी बंद पडली ना?"

काय सांगणार? मी माझ्या नातीपासून एक अख्खा डोंगर लांब, टेकाडावर, ओल्या चपला हातात घेऊन उभी. आणि ती, आमच्या घराच्या मागच्या गल्लीत! म्हटलं, "नाही हो. एकदाही नाही पडली."

घरी सोडायचा दिवस आला. हॉस्पिटलपासून घर ते किती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. ह्यांनी गाडी धुऊन, गोणपाट काढून, चादर घालून दारात आणली. लेक-जावई आत बसले. बाळ माझ्या हातात. मी एक पाय पायरीवर ठेवला… आणि उतरले. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी बाळाला घेऊन चालत येते.

"अगं, ओढ्यातून आली ती!"

आली हो. पण आता बाळ आहे. बंद पडली तर?

मग काय, अशी वरात निघाली! पुढे मी, छातीशी गाठोडं, आणि मागून गाडी माझ्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये, कण्हत. सगळी गल्ली दारात. दीर गॅलरीतून ओरडतात, "वहिनी, गाडी बसायला घेतलीय, वरातीत मिरवायला नाही!"

आणि बरोबर कोपऱ्यावर, खोकली, थुंकली… आणि बंद!

डिझेल संपलं. संपणारच! डोंगरभर उभी करून धडधडत ठेवलेली मीच. आणि डोळ्यांवर विश्वास ठेवणारे आमचे हे काट्याकडे बोट दाखवून म्हणतात, "अगं, अर्धी टाकी आहे की! हे काय, दिसतंय!"

जावई उतरला, दीर धावत खाली आले, चार शेजारी जमले, सगळे लागले ढकलायला. लेकीने खिडकीतून डोकं काढलं. "आई, आता तरी बस. आता आणखी काय बंद पडायचंय?"

आणि तुम्हाला सांगते, मी बसले. बाळाला मांडीवर घेऊन, पाठ टेकून, पाय पसरून बसले. मागून सगळे ढकलतायत, गाडी एक शब्द न बोलता चाललीय घराकडे… आणि आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्यांदा हो, मी गाडीत अशी निर्धास्त बसले होते!