ठिपका नसलेली कॅप्सूल

बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका छापतात आणि औषधाची वेळ आली की या कंपन्यांची शाई संपते. परवाचंच सांगतो. आत्याच्या पायाची जखम चिघळली, डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या. आत्या माळकरी. कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडांपासून करतात, असं तिनं कुठंतरी ऐकलं आणि तोंड मिटून बसली.

"पाय गेला तरी चालंल, पण हे गिळायची नाय."

मी तडक औषधाच्या दुकानात गेलो. "ही शाकाहारी आहे का? कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतंय," दुकानदार म्हणाला. "इतक्या वर्षांत एकानंबी विचारलं नाय. तुमच्या आत्यालाच लई शंका."

तरी त्यानं डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच औषधाची साधी गोळी दिली. "घ्या, हिला कवचच नसतं."

माझ्या मागं एक चाचा उभे होते. त्यांनी नुकत्याच घेतलेल्या कॅप्सूल पिशवीतून काढून काउंटरवर ठेवल्या.

"हमकू बी गोलीच देव भाई. इनकू जानवर है क्या, इत्ताच पूछना था. हमकू तो कौनसा जानवर, वो बी पूछना पडता."