पुलापलीकडची आई

(न्यायालयाची मागची खोली. पाच न्यायमूर्तींपैकी तिघे चहाला गेलेत. मागे राहिलेत सर्वांत धाकट्या बाई आणि सर्वांत ज्येष्ठ सर.)

बाई: म्हणजे दोन विरुद्ध दोन, सर. आता तुम्हीच राहिलात.

सर: आणि खापर माझ्याच डोक्यावर. धाकट्यानं आधी मत द्यायचं, ही रीत काढली कुणी?

बाई: आम्हाला तुमचा धाक वाटू नये म्हणून काढलीय.

सर: तुला कधी वाटला? वकिलीत माझ्या हाताखाली होतीस, तेव्हाही नाही.

बाई: सर, आई जिवंत असताना ती पोरगी अनाथाश्रमात आहे. त्या आईनं तिला अलीकडच्या राज्यात एकटीनं, रीतसर दत्तक घेतली. कामासाठी पोरीला घेऊन नदीपलीकडच्या राज्यात गेली, आणि पूल ओलांडल्याबरोबर ती तिची कुणीच नाही! का, तर तिथे एकट्या बाईला दत्तक घेता येत नाही.

सर: कागद मीही वाचलेत. घरसंसाराचे कायदे ज्या त्या राज्याचे, हे राज्यघटनेत आहे. लहान राज्यं संघराज्यात आली ती त्या शब्दावर. आज एका चांगल्या आईसाठी आपण तो मोडला, तर उद्या इथे बसणारे कशासाठी मोडतील, सांग बरं?

बाई: नाही सांगता येत.

सर: मग?

बाई: तेव्हा माणसं एकाच राज्यात जन्मायची आणि तिथेच मरायची. आता निम्मं गाव रोज पूल ओलांडून कामाला जातं. पलीकडच्यांनी आपले कायदे खुशाल करावेत. अलीकडे झालेली आई मात्र त्यांनी आईच धरावी. इतकंच.

सर: याच्या उलट निकाल मीच दिलाय. ऐन उमेदीत.

बाई: माहीत आहे. तुमच्याकडूनच शिकले तो.

सर: तेव्हा चुकलो नव्हतो मी.

बाई: नव्हतात.

सर: तोंडदेखलं बोलतेस?

बाई: तुमच्याशी? इतकी वर्षं ओळखता मला.

सर: ...भेटीला येते ती, तेव्हा पोरगी काय हाक मारते?

बाई: आश्रमवाले ‘मावशी’ म्हणायला लावतात. ती गप्प बसते.

सर: अरेरे. ...बोलव त्या तिघांना. तीन विरुद्ध दोन.

बाई: सर! ...निकाल मी लिहू का? तुम्हाला जड जाईल.

सर: जाईलच. त्या निकालावर आयुष्यभर ताठ मानेनं फिरलो. पण माझा आहे तो. मोडायचा तर मीच मोडतो.

बाई: लिहील त्यालाच भर कोर्टात वाचावा लागतो.

सर: ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्या शेजारी बस. मला वाचणं नाहीच जमलं, तर पुढचं तू वाच.