पाहुण्याला दिलेलं नाव

नाही नाही, सावलीत बसा साहेब, उन्हात उभं राहिलं म्हणून डॉक्टरांची बोट लवकर येत नाही. हा घ्या कोको. आई म्हणाली, आपियाच्या साहेबांना कोको दे आणि गप्प बस — त्यातलं अर्धं मी ऐकलं. आणि ते मानपत्र काय छातीशी धरून बसलात, ठेवा खाली, वाचलंय मी, तुम्ही गाडीतून खुर्च्या उतरवत होतात तेव्हाच. 'डॉक्टर व्हेस्टरबी, ज्यांनी एकट्याच्या बळावर आमच्या भूमीतून हत्तीरोग हद्दपार केला.' एकट्याच्या! हे लिहिताना तुमच्या आरोग्य खात्यात कुणालाच हसू नाही आलं? बरं, तुम्हीच लिहिलंत? मग तर बोलायलाच नको.

माणूस वाईट नाही हो, असं सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते. डेन्मार्कहून आले, तिकडे म्हणे डास चावला तर नुसतं खाजतं — इथे अर्धी चड्डी घालून केळीच्या बागेत बसायचे, डास पायावर टेकला की भरला बाटलीत. कुठला डास नि कुठल्या गोळ्या हे त्यांनी शोधलं, कबूल. पण गोळी बाटलीतून माणसाच्या पोटात कुणी घातली? बायकांच्या समितीने! माझी आई अध्यक्ष — रविवारी प्रार्थना संपली की चर्चच्या दारात पाय रोवून उभी. गोळी गिळल्याशिवाय बाहेर नाही, बाहेर नाही तर जेवण नाही, आणि रविवारचं जेवण सोडणारा सामोअन अजून जन्माला यायचाय! माझा चुलतभाऊ ओफिसा, हा एवढा रेडा, त्याने गोळी जिभेखाली दडवली — तर पाद्रीबाबांसमोर हिने त्याचा जबडा धरला. "आ कर. अजून. खाली काय आहे ते, तुझी अक्कल?" ताप यायचा गोळीने, लोक तारोच्या मळ्यात पळून जायचे, या बायका मागे धावायच्या — एकट्याच्या बळावर म्हणे! आयत्या पिठावर रेघोट्या.

हसताय? हसा. आज त्यांना काय देणार आहेत, ते ठाऊक आहे ना? 'पुलेसाला' हे नाव. आमच्या घराण्याच्या प्रमुखाचं नाव. बाबा गेल्यापासून रिकामं आहे. आता तुम्ही राजधानीत, आपियात वाढलेले, तुम्हाला वाटत असेल नाव म्हणजे कार्डावर छापायचा दागिना — इथे नाव म्हणजे फोनोत, गावाच्या सभेत, बसायची जागा, तिथे तोंड उघडायची मुभा. मानद, मानद काय करताय मघापासून? नाव दिलं की दिलं, ते काय अर्धं देता येतं? आणि का दिलं ते तरी ऐका. ओफिसाला हवं होतं, कारण तो थोरल्या शाखेचा. आमच्याच घराण्यातल्या ईआकोपोला हवं होतं, कारण त्याने ऑकलंडहून चर्चचं छप्पर पाठवलं. बैठका, बैठका, बैठका — दर बैठकीला डुकरं मेली, निर्णय नाही. मग एकदम ठरलं — डॉक्टरांना द्या! याला नाही, त्यालाही नाही, नाव विमानात बसून कोपनहेगनला जाईल आणि आमच्या घरात शांतता. त्या आनंदात ओफिसा नि ईआकोपो एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. शहाणपणा बघा आमचा! दोन पोरं खेळण्यावरून भांडतायत तर खेळणंच समुद्रात फेकून द्या. सुचवलं कुणी? सुचवलं असेल कुणीतरी.

बरं, हद्दपार म्हणता ना? जरा दुकानाच्या मागे जाऊन या. जुने टायर, करवंट्या, डबे — सगळ्यात पाणी, पाण्यात अळ्या. रोग गेला असेल, डास कुठे गेलाय? कुठूनतरी एक आजारी माणूस यायचा अवकाश. तिकडे फिजीत, सुवाला मी चार बुकं शिकले ती ह्याचसाठी — आल्या आल्या फोनोपुढे गेले सांगायला. "लेउतू बाळा, छान, छान. जा, कोको आण." कोको! फोनोतल्या एकाने जरी मनावर घेतलं तर एका सकाळी अख्खं गाव झाडून निघतं, न झाडणाऱ्याला एक डुक्कर दंड. माझ्याकडे नाव नाही, म्हणून अळ्या सुखात आहेत.

हो, मला हवं होतं. मग? मला हवंय! बाईला देऊ नये असं कुठे लिहिलंय? पलीकडच्या गावात आहे एक. आमच्याकडे बंदी नाही, फक्त कधी झालं नाही. आणि कायदाही सांगते तुम्हाला — घराण्यातल्या एका वारसाने उभं राहून हरकत घेतली की प्रकरण कोर्टात. पुढे चालवा तुमचा बँड! का हो, चेहरा का पडला? कोको कडू झाला? आज सगळ्यांसमोर उठणार आहे मी. मंत्री असू देत, नाहीतर मंत्र्यांचे सासरे.

आई? आईचं काय मध्येच? तिचा पाय बघितलात वाटतं. गोळ्या आल्या तोवर तो तसा होऊन बसला होता, गोळीने उतरत नाही तो. डॉक्टर यायचे, बादली मागायचे, जमिनीवर मांडी ठोकून साबणाने तो पाय धुवायचे — बोटांच्या बेचक्यासुद्धा, एकेक — आणि धुताना आपल्या मोडक्या भाषेत तिला विचारायचे, आज कुणाकुणाला पळवलंस? आणि ती हसायची. बाबा गेल्यावर ती दुसऱ्या कशाने हसल्याचं... ते असो. त्याच्यासाठी उत्तम विणलेली चटई द्या ना, भाजलेलं डुक्कर द्या, नाव कशाला? पण नाही — तिनेच सुचवलं! हो, आईनेच. सगळे भांडून दमले, तेव्हा ती उठली, सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं टक लावून, मी म्हटलं आता — आता घेणार माझं — आणि म्हणाली, व्हेस्टरबी.

काय? नाव हवंय असं मी तिला सांगितलं होतं का, म्हणजे? सांगायचं काय त्यात? पोटच्या पोरीचं कळत नाही? त्या बैठकीत लहानांनी बोलायचं नसतं, मी जेवण वाढत होते — आणि घरी... घरी कशाला सांगायला हवं? तीच म्हणते, ही काय राहतेय इथे, पोरगी सुवाची झाली. कशावरून म्हणते कोण जाणे. बॅग रिकामी केली नाही म्हणून? करीन की, कपडे काय पळून जातात? आलेय तशी कोपऱ्यात आहे बॅग, रोज तिच्यातूनच काढून घालते, रोज ती बघते, पण एकदा विचारायचं तरी, लेउतू, राहणार आहेस का? तिनेही नाही विचारलं, मीही नाही —

हा भोंगा बोटीचाच ना?

उठा साहेब. जा, तुमच्या खुर्च्या सरळ करा, जा धक्क्यावर. नाही, हरकतीचं मला आता विचारू नका, मलाच ठाऊक नाही. आई आत एकटी आहे, पायाला पट्टी बांधतेय. ती बाहेर यायच्या आत मला तिच्याशी बोलायचंय. जा म्हटलं ना!