फळ्यावरची डावी बाजू

आदरणीय अध्यक्ष भगवंतराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज सेवानिवृत्त होणारे आमचे कमरुद्दीन सर, जहाँआरा वहिनी, शिक्षक बंधू-भगिनी, महाळुंग्याचे ग्रामस्थ आणि मुलांनो,

सरांच्या गणिताबद्दल मराठीच्या मास्तराने काय बोलावं? पण आमच्या दोन वर्गांत एक प्लायवूडचं पार्टिशन. ते शिकवत, मी ऐकत असे. आणि मघाशी साळुबाईंनी मला दारातच थांबवलं. "गुरुजी, माझ्या अश्विनीचं ते गणित अजून तसंच ऱ्हायलंय का वं?"

साळुबाई, तेच सांगतो.

त्र्याण्णव साल. दहावीचा वर्ग, त्रिकोणमिती. एक वजा कॉस थीटा भागिले साइन थीटा, हे साइन थीटा भागिले एक अधिक कॉस थीटा इतकंच आहे, हे सिद्ध करायचं. अश्विनीने थेट तिरकस गुणाकार केला. सर म्हणाले, "अगं, जे सिद्ध करायचं तेच खरं धरून चाललीस? डावीकडनं निघ. उजव्या बाजूला हात लावू नको."

"सर, शेवटी सारखंच येतंय की! मग एवढं लांबनं कशाला?"

वर्ग हसला. सरही हसले. "उद्या लांबनंच चालून दाखव."

"दाखवीन."

त्या संध्याकाळी उसात तिला पान लागलं. साप कुणाला दिसलासुद्धा नाही. मंचरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढे दर वर्षी सर ते उदाहरण घेत. डावी बाजू लिहीत आणि, मुलं सांगत, खिडकीजवळच्या बाकाकडे खडू धरून उभे राहत. तिचा बाक तो. पलीकडे खडूचा आवाज थांबला की माझाही वर्ग नकळत गप्प होई. मग सर म्हणत, "बरं, उद्या." मी रोज देवापुढे बसणारा माणूस, पण त्या शांततेत पलीकडे डोकावायचं धाडस माझं कधी झालं नाही.

परवा सरांचा शेवटचा तास. मी मागे जाऊन बसलो. सरांनी तीच डावी बाजू लिहून खडू पुढे धरला. आणि त्या बाकावरची श्रेया, जिला यातलं काही ठाऊक नव्हतं, उठली आणि खडू घेऊन फळ्याशी गेली. अंश-छेदाला एक अधिक कॉस थीटाने गुणलं. वर साइनचा वर्ग आला, त्यातला एक साइन खालच्याशी गेला.

"आली उजवी बाजू, सर. तिकडं हात न्हाई लावला."

सरांनी फळ्यावरची ओळन् ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "बस, अश्विनी."

श्रेया बसली. नाव तिनं दुरुस्त केलं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. निरोपाच्या दिवशी गेलेल्या लेकराचं नाव काढलं. कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि साळुबाई, जाताना दहावीच्या वर्गात डोकावून जा. फळा कुणी पुसलेला नाही.