आवणीतली तिसरी बाई

मुरबाडच्या स्टँडवर म्हशाच्या गाडीची वाट बघत दोघी माझ्याशेजारी बसल्या होत्या.

“वाचनालयात चित्रं बघलीस गो, धोंडीबाय?”

“बघली. आपल्या जानीच्या प्रमिलानं भाताची आवणी काढलीय. काय काढलीय! बाया रोपं लावत मागं मागं सरकतात, अगदी तशीच. चिखलात उतरलेली पोर हाय ती.”

“तोंडं वळखली?”

“वाकलेल्यांची तोंडं कुठं दिसतात? पन तिसरी मीच.”

“कशावरनं?”

“रोपांची मूठ उजव्या हातात नि लावते डाव्यानं. गावात दुसरं कोन हाय? त्या हातावरनं सासू जन्मभर बोलली गो. आज सायब लोकं तिथंच थांबून बघत होती.”

गाडी आली. मी त्यांच्यामागंच बसलो.

धोंडीबायनं डावा हात पुढं केला तसा कंडक्टर म्हणाला, “आजी, तिकीट घ्या. उजवा हात करा.”

“ह्याच हातावर ठेव रे.”